विश्लेषण : बेलिफ दारात आला तरी काय जप्त होत नाही?

अंजनगाव सुर्जी असो की बार्शीटाकळी, जप्तीची कुणकुण लागली की बैल सोयऱ्याकडे नेऊन बांधा, भांडीकुंडी हलवा, असा सल्ला गावात हमखास मिळतो. गंमत अशी की, नेमक्या याच वस्तूंना हात लावण्याची मुभा कायद्यात नाही. ज्या शेतापायी जीव टांगणीला लागतो, ते शेत मात्र या संरक्षणात बसत नाही.

संरक्षण कोणत्या वस्तूंना?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये त्याची यादी आहे. ऋणको, त्याची पत्नी आणि मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्रासारखे, त्यांनाही हात लावता येत नाही. कारागिराची हत्यारे सुटतात. ऋणको शेतकरी असेल तर शेतीची अवजारे सुटतात. उपजीविकेसाठी आवश्यक असल्याचे न्यायालयाला वाटेल तेवढी जनावरे आणि बियाणेही सुटते. शेतकरी, मजूर किंवा घरगडी स्वतःच्या मालकीच्या ज्या घरात राहतो ते घर आणि त्याला लागून असलेली गरजेची जागाही यात येते. मजुराची मजुरी जप्त होत नाही. पगारदाराचे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. हजाराचा हा आकडा आजच्या महागाईत थट्टेसारखाच आहे.

शेतकरी कोणाला म्हणायचे?

नुसता सातबारा नावावर असून भागत नाही. जमीन स्वतः कसणारा आणि मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर जगणारा, अशी व्याख्या आहे. मजूर लावून शेती केली तरी चालते. कुळ आणि शेतमजूरही त्यात येतात. अकोल्यात दुकान चालवून गावची शेती ठोक्याने देणाऱ्याला मात्र हा आधार मिळणे अवघड.

‘हक्क सोडतो’ असे लिहून दिले असेल तर?

कर्ज देताना कोऱ्या कागदांवर सह्या घेणे नवे नाही. ‘कलम ६० चा फायदा घेणार नाही’ असा करार कोणी करून घेतला, तरी तो शून्य ठरतो. १९७६ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली. बेलिफालाही बंधने आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी घरात शिरता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. मात्र जप्तीत नियमाबाहेरची वस्तू उचलली गेली, तर त्याच दरखास्तीत न्यायालयापुढे हरकत घ्यावी लागते. गप्प बसणाऱ्यासाठी यादी आपोआप धावून येत नाही.

मग शेताचे काय?

शेतजमीन कलम ६० च्या यादीत नाही. हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी ती विकली जाऊ शकते. घरात भरून ठेवलेला कापूस किंवा उभी तूरही सरसकट सुटत नाही. बँकेने शेत तारण घेतले असेल तर सरफेसी कायद्याचा झटपट मार्ग तिला वापरता येत नाही, कारण त्या कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन वगळली आहे. सहकारी सोसायटी आणि जिल्हा बँकेची वाट वेगळी. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळाला की दिवाणी दावा न लावताही जप्ती करता येते. हप्त्यावर घेतलेला ट्रॅक्टर त्याच कर्जाला तारण असतो. तिथे ‘शेतीचे अवजार’ हा बचाव फारसा टिकत नाही.

सावकाराने खरेदीखतच करून घेतले असेल तर?

वऱ्हाडातले खरे दुखणे हे. इथे बेलिफ येतच नाही. कर्जाच्या बदल्यात शेताचे खरेदीखत होते आणि ‘पैसे फेडले की जमीन परत’ हे तोंडीच राहते. १९३३ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात कर्ज लवादाचा कायदा झाला, तोही सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठीच. पापळच्या पंजाबराव देशमुखांचे नाव त्याच्याशी जोडले जाते. आज आधार आहे तो महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ चा. शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, यापेक्षा जास्त व्याज परवानाधारक सावकारालाही लावता येत नाही. व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

त्यातले कलम १८ महत्त्वाचे. पंधरा वर्षांच्या आतील खरेदीखत प्रत्यक्षात कर्जाचे तारण होते, असे चौकशीत दिसले तर जिल्हा उपनिबंधक ते अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. सगळा भर पुराव्यावर असतो. खतातली किंमत बाजारभावाच्या मानाने किती होती, ‘विक्री’नंतरही पेरणी कोण करत होते, सावकाराने आणखी किती जणांची शेते अशीच लिहून घेतली, सावकाराला पैसे परत केल्याच्या बँकेतल्या नोंदी आहेत का, हे प्रश्न तिथे निघतात. म्हणून पेरेपत्रकाचे जुने उतारे, दुय्यम निबंधकाकडील खतांच्या प्रती आणि चिठ्ठ्याचपाट्या अर्जासोबत जोडाव्यात. आदेश विरोधात गेला तर अमरावती, अकोल्यातील अर्जदाराला अमरावतीच्या विभागीय सहनिबंधकांकडे अपील करता येते. त्यासाठी मुदत एक महिन्याची आहे.