भंगारातून उजळलेले दीपस्तंभ

दिव्याचे मोल तो विझल्यावर कळते, असे आम्ही कीर्तनातून अनेकदा सांगत आलो. परंतु त्याचा प्रत्यय आम्हांस आला तो सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील लॉस एंजेलिस नगरीत. कीर्तनसेवेच्या निमित्ताने तिकडे गेलो असता मराठी यजमानांनी एका सायंकाळी आम्हांस विल्शायर मार्गावरील कलासंग्रहालयापुढे नेले. तेथे ओतीव लोखंडाचे २०२ दीपस्तंभ सभामंडपातील खांबांप्रमाणे ओळीने उभे होते. तिन्हीसांजेला ते उजळले आणि आमचे हात नकळत जोडले गेले.

हे सारे १९२० व १९३० च्या दशकांतील रस्त्यांवरचे दिवे. बहुतेक दक्षिण कॅलिफोर्नियातले. ख्रिस बर्डन या कलावंताने २००० साली जुन्या बाजारात दोन दिवे विकत घेतले आणि पुढे संग्रहाचा ध्यासच घेतला. जुना रंग व गंज वाळूच्या फवाऱ्याने उतरविला, आत नव्या तारा घातल्या आणि सर्वांस एकच राखाडी रंग दिला. घडणीचे सतरा प्रकार, पण कुळ एकच दिसावे! २००८ साली हा दीपमंडप उघड्यावर उभा राहिला. त्याला ना दार, ना तिकीट. कोणीही यावे, खांबांमधून हिंडावे.

येथे एक शंका येते. आपापल्या रस्त्यापासून तुटलेला दिवा खरोखर जतन झाला काय? रस्ता गेला, जुना रंगही गेला, हे खरेच. परंतु उजेड देण्याचा धर्म मात्र सुटला नाही. बर्डन २०१५ साली निवर्तले. २०१८ साली जुने बल्ब काढून एलईडी बसविले. वात बदलली, दिवा तोच राहिला.

वाचकहो, त्या उजेडात आम्हांस आमचा घाट आठवला. बालपणी तिकडे उतरणाऱ्या वाटेवर नक्षीदार लोखंडी खांब होते. नवे दिवे आले तेव्हा ते वजनावर भंगारात गेले. आम्ही शास्त्र शिकलेले. तरी एक शब्द बोललो नाही. ती खंत आजही आहे.

म्हणून या दीपोत्सवात एवढेच विनवणे: माळ्यावरचा आजीचा लामणदिवा केवळ घासूनपुसून शोभेला टांगू नये. त्यात तेल घालावे, वात लावावी. उजळलेला दिवाच खरा जपलेला.