द्विमार्गी दूरनियंत्रित मोटारगजर

द्विमार्गी दूरनियंत्रित मोटारगजर ही मोटारगाडीची चोरी व मोडतोड रोखण्यासाठी वापरली जाणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे. साध्या, म्हणजेच एकमार्गी यंत्रणेत मालकाच्या हातातील रिमोट गाडीला केवळ आज्ञा देतो. गाडीकडून उलट निरोप येत नाही. द्विमार्गी यंत्रणेत रिमोट व गाडी या दोहोंमध्ये संदेश पाठविण्याची आणि स्वीकारण्याची सोय असते. त्यामुळे आज्ञा पोहोचली की नाही, दार उघडले गेले का, गाडीला धक्का बसला का, ही माहिती मालकाला रिमोटच्या पडद्यावरील चिन्हांवरून, आवाजावरून किंवा कंपनावरून कळते.

रचना

यंत्रणेचा मुख्य भाग म्हणजे डॅशबोर्डखाली दडवून बसविलेले नियंत्रण केंद्र. त्याला गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून वीज मिळते. पुढील भाग त्याला जोडलेले असतात.

• दारे, बॉनेट व डिकी यांचे स्विच : यांपैकी काहीही उघडल्यास विद्युतमंडलाची स्थिती बदलते आणि केंद्राला ते कळते.
• धक्का संवेदक : काच फोडणे, चाक काढणे यांसारख्या आघातांची नोंद घेतो. बहुतेक संवेदकांत हलका व जोरदार असे दोन स्तर असतात. हलक्या धक्क्याला थोडा इशारा, तर जोरदार धक्क्याला पूर्ण गजर दिला जातो.
• कल संवेदक : गाडी जॅकवर उचलल्यास किंवा ओढून नेऊ लागल्यास तिचा बदललेला कल ओळखतो.
• सायरन : बॉनेटखाली असतो. काही सायरनांत स्वतंत्र बॅटरी असल्याने गाडीच्या बॅटरीची तार कापली तरी ते वाजतात.
• इंजिनरोधक रिले : इंधनपंप, स्टार्टर किंवा प्रज्वलन यांपैकी एखाद्याचा वीजपुरवठा तोडून इंजिन सुरू होऊ देत नाही.
• अँटेना : समोरच्या काचेच्या आतील बाजूस चिकटविलेला असतो.

गजर आणि इंजिनरोधक यांची कामे भिन्न आहेत. गजर लक्ष वेधतो. इंजिनरोधक गाडी जागेवरून हलू देत नाही. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना इंजिनरोधक बंधनकारक झाला.

संकेतांची सुरक्षितता

रिमोट व गाडी यांच्यातील संदेश रेडिओ लहरींतून जातात. युरोप व भारतात ४३३.९२ मेगाहर्ट्झ, तर अमेरिकेत ३१५ मेगाहर्ट्झ ही वारंवारता अशा उपकरणांसाठी प्रचलित आहे. रेडिओ लहरी कोणीही ऐकू शकतो. म्हणून यंत्रणेची सुरक्षितता लहर लपविण्यावर नव्हे, तर संदेशाच्या सांकेतिक रूपावर अवलंबून असते.

आरंभीच्या रिमोटांत संकेत कायमचा ठरलेला असे. तो एकदा ध्वनिमुद्रणासारखा टिपून पुन्हा प्रक्षेपित केला की दार उघडत असे. यावर उपाय म्हणून बदलता संकेत आला. यात प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर रिमोटमधील गणक एकाने वाढतो आणि त्यावरून नवा संकेत तयार होतो. जुना संकेत गाडी स्वीकारत नाही. खिशात बटण अनवधानाने दाबले गेल्यास रिमोटचा गणक पुढे जातो. म्हणून गाडी पुढील काही संकेतही ग्राह्य धरते. १९८० च्या दशकाच्या मध्यास दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली ‘कीलॉक’ ही या प्रकारची सर्वाधिक परिचित पद्धती. १९९५ मध्ये ती मायक्रोचिप टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीने विकत घेतली. जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये तिच्यातील गुप्त किल्ली शोधून काढता येते हे दाखविले.

बदलत्या संकेताची आणखी एक उणीव सॅमी कामकार या अमेरिकी संशोधकाने २०१५ मध्ये दाखवून दिली. त्याचे उपकरण रिमोटचा संदेश गाडीपर्यंत पोहोचू न देता टिपून ठेवत असे. मालकाने पुन्हा बटण दाबले की दुसरा संदेश टिपून पहिला सोडला जाई. दार उघडे, मालक निर्धास्त होई, आणि न वापरलेला एक संकेत उपकरणात शिल्लक राही.

या हल्ल्याला उत्तर म्हणजे संवादी संकेत. रिमोटने आज्ञा दिली की गाडी यदृच्छेने निवडलेली एक संख्या पाठविते. रिमोट आपल्याजवळील गुप्त किल्लीने तिचे गणित करून उत्तर देतो. पहारेकऱ्याने दर वेळी नवा प्रश्न विचारावा तसे हे आहे. कालचे उत्तर आज उपयोगी पडत नाही. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. रिमोटवर माहिती दिसते म्हणजे संकेत संवादी असतोच असे नाही. काही द्विमार्गी यंत्रणा आज्ञेसाठी बदलता संकेतच वापरतात. खरेदीच्या वेळी ही चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते.

दैनंदिन वापर

गाडीतून उतरून दारे लावल्यावर कुलुपाचे चिन्ह असलेले बटण दाबतात. दर्शक दिवे लुकलुकतात, सायरन एकदा टिकटिकतो आणि रिमोटवर बंद कुलुपाचे चिन्ह उमटते. एखादे दार किंवा डिकी नीट लागलेली नसल्यास बहुतेक यंत्रणा वेगळा इशारा देतात.

रिमोटवर उमटणारी ही पोच हाच द्विमार्गी यंत्रणेचा मुख्य लाभ होय. वाहनतळावर चोर अडथळा-लहरी सोडून कुलूप लावण्याची आज्ञा गाडीपर्यंत पोहोचू देत नाहीत. एकमार्गी रिमोट वापरणारा मागे न पाहता निघून गेला तर गाडी उघडीच राहते. द्विमार्गी रिमोटवर पोच उमटली नाही की शंका घेता येते. अशा वेळी परत जाऊन हँडल ओढून पाहावे आणि किल्लीने कुलूप लावावे.

धक्का संवेदकाची संवेदनशीलता परिस्थितीनुसार ठरवावी लागते. ती अधिक ठेवल्यास शेजारून जाणारा ट्रक, फटाके किंवा ढगांचा गडगडाट यांनीही गजर वाजतो. वारंवार खोटा गजर वाजू लागला की शेजारी लक्ष देईनासे होतात आणि मालकही यंत्रणा बंद ठेवू लागतो. मग खऱ्या प्रसंगी तिचा उपयोग उरत नाही.

गाडी दुरुस्तीसाठी किंवा वाहनतळावरील सेवकाकडे देताना ‘व्हॅले’ स्थिती वापरतात. तीत गजर तात्पुरता स्थगित राहतो व रिमोट सोबत देण्याची गरज पडत नाही. रिमोट हरवल्यास किंवा त्याची बॅटरी संपल्यास किल्लीने दार उघडून, इग्निशन चालू करून, गुप्त जागी बसविलेल्या बटणाने ठरावीक क्रमांक देऊन गजर थांबविता येतो. बसविणाऱ्याकडून या बटणाची जागा समजून घ्यावी आणि मूळ क्रमांक त्वरित बदलावा.

मर्यादा

उत्पादक सांगतात तो पल्ला मोकळ्या मैदानातील असतो. काँक्रीटच्या भिंती, तळघरातील वाहनतळ आणि दाट वस्ती यांमुळे तो पुष्कळ घटतो. गाडीची अँटेना लहान व रिमोटची त्याहून लहान असल्याने निरोप नेहमीच पोहोचेल याची शाश्वती नसते. म्हणून रिमोट शांत आहे याचा अर्थ गाडी सुरक्षित आहे असा होत नाही. पल्ल्याबाहेर गेल्यास इशारा देणारे रिमोट या दृष्टीने उपयुक्त ठरतात.

यंत्रणा सतत वीज घेते. उदाहरणार्थ, ती २० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह घेत असेल तर दिवसाला सुमारे अर्धा अँपिअर-तास खर्च होतो आणि ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळजवळ तिसरा भाग महिन्याभरात संपतो. गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची असल्यास हे लक्षात घ्यावे.

मोबाईल फोनवरून चालणाऱ्या यंत्रणांना पल्ल्याची अडचण नसते, पण त्यांची सुरक्षितता उत्पादकाच्या सर्व्हरवर विसंबून असते. २०१९ मध्ये पेन टेस्ट पार्टनर्स या ब्रिटिश संस्थेने वायपर व पँडोरा यांच्या अशा सेवांतील त्रुटी उघड केल्या. त्यांमुळे परक्या व्यक्तीला दुसऱ्याच्या खात्यावर ताबा मिळविता येत होता. त्या त्रुटी नंतर दूर करण्यात आल्या.

सुरक्षिततेचे नियम

रशिया, कॅनडा यांसारख्या शीत देशांत रिमोटने इंजिन दुरूनच सुरू करण्याची सोय लोकप्रिय आहे. हाती बदलावयाचे गिअर असलेल्या गाडीत गिअर पडलेला असताना इंजिन सुरू झाल्यास गाडी पुढे झेपावते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू राहिल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व प्राणघातक वायू साचतो. म्हणून ही सोय मोकळ्या जागी, गिअर न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक ओढलेला असतानाच वापरावी.

गाडीत मूल किंवा पाळीव प्राणी असताना गजर लावून जाऊ नये. उन्हात बंद गाडीतील तापमान थोड्याच वेळात धोकादायक पातळी गाठते, आणि गाडी लक्ष ठेवते हा भरवसा येथे निरुपयोगी आहे. गजराचा निरोप आल्यास एकट्याने चोराला अडविण्यासाठी धावू नये. दुरून पाहून, लोकांना हाक देऊन ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

ध्वनी व कायदा

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियमावली क्र. ९७ नुसार सायरनचा एक आवर्त किमान २५ व कमाल ३० सेकंदांचा असावा लागतो. न्यूयॉर्क शहरात मोटारगजर तीन मिनिटांत थांबणे आवश्यक आहे. भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. द्विमार्गी यंत्रणेत सायरन न वाजविता केवळ रिमोटवर इशारा देणारी मूक स्थिती असते. रात्रीच्या वेळी वस्तीत ती सोयीची ठरते.

भारतातील विमा सवलत

भारतीय मोटर विमा दरपत्रकात पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) या संस्थेने मान्य केलेले चोरीरोधक उपकरण बसविल्यास स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसंबंधीच्या हप्त्यात २.५ टक्के, कमाल ५०० रुपये सवलतीची तरतूद आहे. मात्र यंत्रणा बसविताना मूळ तारा कापल्या गेल्यास गाडीच्या उत्पादकाच्या हमीवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे हमीच्या अटी आधी वाचून, काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेणे इष्ट असते.