एकाच विद्येची दोन घरे

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दोन वाटा होतात. एक वाट जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या गावी असलेल्या विज्ञान महाविद्यालयात, वनस्पतिशास्त्राच्या पदवीकडे जाते. दुसरी सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवरून कृषी महाविद्यालयाच्या चार वर्षांच्या पदवीकडे वळते. दोन्हीकडे अभ्यासाचा विषय एकच असतो. मातीत रुजणारे, सूर्यप्रकाशावर अन्न शिजविणारे, रोगाशी आणि किडीशी झगडणारे रोप हाच तो विषय होय. परंतु या दोन वाटा एकदा फुटल्या की पुढे त्या सहसा एकमेकींना मिळत नाहीत. पाठ्यपुस्तके निराळी, विद्यापीठे निराळी, शासनाची खातीही निराळी. या विभक्तपणाची किंमत कोण मोजतो, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी शैवालापासून सपुष्प वनस्पतींपर्यंतचा सारा वंशवृक्ष शिकतो. खोडाचे पातळ काप घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, प्रकाशसंश्लेषणाची चक्रे पाठ करतो, मेंडेलची गुणोत्तरे सोडवितो. तथापि एखादे पीक पेरणीपासून मळणीपर्यंत स्वतःच्या हाताने काढण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. कृषी पदवीचा विद्यार्थी मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, रोगशास्त्र, उद्यानविद्या, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण अशा अनेक विषयांतून जातो आणि अखेरच्या वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात जाऊन राहतो. त्याला शिफारशी ठाऊक असतात. एकरी बियाणे किती, खताची मात्रा किती, फवारणी केव्हा, हे तो सांगू शकतो. पण शिफारशीमागचे कारण तपासून पाहण्याइतकी मूलभूत जीवशास्त्राची बैठक इतक्या विषयांच्या गर्दीत पक्की होत नाही. एकाला ‘का’ ठाऊक आहे, दुसऱ्याला ‘कसे’. शेतकऱ्याला दोन्हींची गरज आहे.

ही केवळ शैक्षणिक तक्रार नव्हे. कापसाचेच उदाहरण घ्यावे. २००२ साली बीटी कापसाला भारतात लागवडीची परवानगी मिळाली. जिवाणूपासून घेतलेल्या जनुकामुळे रोपातच अळीला मारणारे प्रथिन तयार होऊ लागले. चार वर्षांनी दोन जनुकांचे वाणही आले. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर बीटी बियाण्याची पुडी दिली जात असे, आणि ते बियाणे शेताच्या कडेने लावावे अशी अट होती. बहुसंख्य शेतकऱ्यांनी ती पुडी बांधावर टाकून दिली. कीड पोसण्यासाठी आपली जमीन कशाला अडवायची, हा त्यांचा प्रश्न व्यवहाराला धरूनच होता. त्याचे उत्तर देणारा माणूस गावात नव्हता.

उत्तर अवघड नाही. लाखो किडींत एखादी विष पचविणारी निघते. साध्या कापसावर वाढलेले, विषाला बळी पडणारे पतंग भोवती पुष्कळ असले, तर तिचा संयोग त्यांच्याशी होतो आणि प्रतिकाराचा गुण पुढच्या पिढीत दबून राहतो. सर्वत्र बीटीच असेल, तर वाचलेल्या किडींचा संयोग वाचलेल्यांशीच होतो. अमेरिकन बोंडअळी तुरीवर व हरभऱ्यावरही जगते, म्हणून तिच्यासाठी असा आसरा आपोआप शिल्लक राहिला. गुलाबी बोंडअळीचे जीवन मात्र जवळजवळ सर्वस्वी कापसावर अवलंबून असते. शिवाय आपल्याकडील बीटी वाण संकरित आहेत. जनुकाची एकच प्रत असलेल्या अशा रोपाच्या बोंडात सरासरीने चारांपैकी एका सरकीत ते जनुक उतरत नाही. वर्गातील फळ्यावर वाटाण्याच्या उदाहरणाने शिकविले जाणारे मेंडेलचे तीनास एक हे गुणोत्तर विदर्भातल्या प्रत्येक बोंडात असे प्रत्यक्ष उभे होते. विषारी आणि बिनविषारी सरकी शेजारी शेजारी, आणि सरकी हेच गुलाबी अळीचे अन्न! त्यात फरदड घेण्याची रीत. वेचण्या संपल्यावरही पाणी देऊन उभे ठेवलेले पीक उन्हाळ्यापर्यंत किडीला घर पुरवीत राहिले. २०१० साली गुजरातेत या अळीचा प्रतिकार जाहीर झाला आणि २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांनी त्याचे फळ भोगले.

मेंडेलचे गुणोत्तर ज्याला कळले होते त्याला फरदड म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, आणि ज्याला फरदड ठाऊक होती त्याच्या मनात त्या गुणोत्तराचा बोंडाशी संबंध जुळला नव्हता. बियाण्याच्या बाजाराचे, नियंत्रणाच्या शैथिल्याचे दोष आहेतच. परंतु तालुक्यातालुक्यांत वनस्पतिशास्त्राचे पदवीधर आणि कृषी पदवीधर असताना ही साधी गोष्ट शेतकऱ्यापर्यंत पोहोचली नाही, या अपयशाचा काही वाटा शिक्षणव्यवस्थेकडेही जातो.

ही फाळणी मुळापासून नव्हती. पुण्यात शेतकीचे शिक्षण १८७९ साली सुरू झाले ते तेथील विज्ञान महाविद्यालयाचाच एक भाग म्हणून. स्वतंत्र शेतकी महाविद्यालय पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी आले. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेतील ‘लँड ग्रँट’ विद्यापीठांचा नमुना पुढे ठेवून १९६० मध्ये पंतनगर येथे पहिले कृषी विद्यापीठ निघाले आणि १९७२ पर्यंत महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली ही चार विद्यापीठे उभी राहिली. त्यांनी वाणे दिली, संशोधन केंद्रे दिली, हे कोणीही नाकारणार नाही. पण ज्या १८६२ च्या अमेरिकी कायद्यातून हा नमुना जन्मला, त्यात शेती व यंत्रविद्या शिकविताना इतर शास्त्रे वगळू नयेत असे स्पष्ट म्हटले होते. तेथे शेतीचा विद्यार्थी आणि वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी एकाच आवारात वावरतो. आपण शेतीला स्वतंत्र घर बांधून दिले, आणि दोन घरांमधला दरवाजा ठेवायचे विसरलो.

ज्यांनी हा दरवाजा स्वतःपुरता उघडला त्यांचे कार्य बोलके आहे. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४६ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. आज त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी ती संस्था बारामती तालुक्यातील होळ येथील शेतावर गहू व सोयाबीनचे वाण तयार करते. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी प्राणिशास्त्राची पदवी घेतली होती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने अस्वस्थ होऊन ते कोइमतूरच्या कृषी महाविद्यालयात पुन्हा पदवीच्या वर्गात बसले.

यावर दोन आक्षेप संभवतात. शुद्ध शास्त्राला उपयुक्ततेच्या दावणीला बांधू नये, हा पहिला. तो रास्त आहे. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा व सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशांपासून भ्रूण वाढविले, तेव्हा कोणत्याही पिकाचे उत्पन्न वाढविणे हा त्यांचा हेतू नव्हता. तरीही अनेक पिढ्यांचे काम थोडक्या काळात उरकून शुद्ध वाण मिळविण्याचे साधन त्यातूनच जगभरच्या पैदासकारांना लाभले. यातून निघणारा बोध एवढाच की शुद्ध शास्त्राचा निष्कर्ष शेताकडे जाण्यासाठी दोन्हीकडची भाषा समजणारी माणसे लागतात. दुसरा आक्षेप असा की कृषी अभ्यासक्रमात आधीच विषयांची गर्दी आहे. तोही खरा. पण नवा विषय जोडण्याची गरज नाही. असलेलेच विषय परस्परांशी जोडून शिकविण्याची गरज आहे.

विद्यार्थ्यांची अडचण याहून व्यावहारिक आहे. कृषी पदवीधरांपैकी पुष्कळांचे लक्ष पहिल्या वर्षापासून स्पर्धा परीक्षेकडे असते आणि ते समजण्यासारखे आहे, कारण स्थैर्य तेथेच दिसते. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला शेतीकडे वळावेसे वाटले, तरी कृषी विद्यापीठांतील बहुतेक पदव्युत्तर शाखांत कृषी पदवीचीच अट आडवी येते. वीस वर्षांच्या मुलाने घेतलेला निर्णय जन्मभर बदलता येऊ नये, अशी कुंपणे शास्त्राला शोभत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधील भिंती कमी करण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. या दोन घरांइतकी त्या तत्त्वाची कसोटी पाहणारी जागा दुसरी क्वचितच असेल.

उपाय खर्चाचे नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक विभागाने चार-दोन गुंठे जमीन मिळवून प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक तरी पीक बीजापासून बीजापर्यंत करून घ्यावे आणि त्याला प्रात्यक्षिकाचे गुण द्यावेत. कृषीच्या विद्यार्थ्याने परिसरातील रानवनस्पतींचा संग्रह करावा. कोइमतूरला वेंकटरामन यांनी काश नावाच्या रानगवताशी संकर करून उसाला काटकपणा दिला, हे ज्याला माहीत आहे तो बांधावरच्या गवताकडे केवळ तण म्हणून पाहणार नाही. एकाच जिल्ह्यातील दोन महाविद्यालयांच्या प्राध्यापकांनी सत्रातून काही तास परस्परांच्या वर्गात घ्यावेत. पदव्युत्तर प्रवेशाच्या अटीत पूरक अभ्यासक्रम पूर्ण करण्याची सवलत देऊन कुंपणाला एक फाटक ठेवावे.

यातील बहुतेक गोष्टींना मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. प्राचार्यांची इच्छा आणि दोन शिक्षकांची मैत्री एवढ्यावर त्या सुरू होऊ शकतात. पुढल्या वेळी बियाण्याच्या पाकिटातून निघालेली एखादी पुडी हातात घेऊन शेतकरी जेव्हा विचारील, ‘हे कशासाठी?’, तेव्हा उत्तर देण्यासाठी त्याच गावचा, त्याच मातीत शिकलेला पदवीधर समोर असावा, इतकीच माफक अपेक्षा आहे.