टिटवीचीं अंडीं व छायाचित्र

फाल्गुन-चैत्रांत ज्वारीची काढणी संपून धाराशिव जिल्ह्यांतील बालाघाटाच्या मुरमाड जमिनी मोकळ्या होतात, व त्याच सुमारास टिटवी उघड्या भुईवर अंडीं घालूं लागते. खड्यांमधील उथळ खळगा हेंच तिचें घरटें. अंडीं बहुधा चार, मातीच्याच रंगाचीं, काळ्या ठिपक्यांचीं. पाहणीच्या निमित्तानें पुष्कळ शिवारें तुडविलीं, परंतु तीं प्रस्तुत लेखकास क्वचितच दिसलीं.

हल्लीं मोबाईलवर छायाचित्रें काढण्याची हौस खेड्यांतूनही वाढली आहे. ती चांगलीच, मात्र टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालूं लागली, कीं आपण फार जवळ गेलों असें समजून मागें फिरावें. उन्हाळ्यांत नर-मादी आळीपाळीनें अंड्यांवर सावली धरितात व पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून आणून तीं थंड राखतात. भर दुपारीं त्यांस उठविल्यास आंतील जीव तापून मरण्याचा संभव असतो. छायाचित्र सकाळींच, बांधाआडून, सूर्य पाठीशीं घेऊन काढावें.

नांगरटीच्या वेळीं तेवढी हातभर जागा सोडावी. सुमारें चार आठवड्यांत पिलें निघतात व थोड्याच वेळांत चालूं लागतात. त्यांचें खाणें बहुतेक किडे, मुंग्या व वाळवी हेंच होय.