चुंबकीय अब्जांशकण आणि सांडपाण्यातील क्रोमियम

विद्युत्‌-विलेपनाच्या कारखान्यांतून, म्हणजे व्यवहारात ज्यांना 'प्लेटिंग'चे कारखाने म्हणतात त्यांतून, बाहेर पडणाऱ्या धुवणाच्या पाण्यास पुष्कळदा पिवळी झाक असते. ती षट्संयुजी क्रोमियमची होय. हे रूप कर्करोगकारक आहे. त्रिसंयुजी क्रोमियम त्यामानाने पुष्कळच सौम्य. भूपृष्ठावरील जलप्रवाहांत सोडावयाच्या सांडपाण्यात षट्संयुजी क्रोमियम दर लिटरला ०.१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये, असा आपल्या देशातील सर्वसाधारण दंडक आहे. आम्लात क्षपण करून मग चुन्याने साका पाडण्याची जुनी रीत स्वस्त आहे खरी. परंतु तिच्यात गाळाचे ढीग साचतात.

अधिशोषणाचा विचार येथून सुरू होतो. मॅग्नेटाइटची घनता ५.२ धरून गणित केल्यास १२ मायक्रोमीटर व्यासाच्या कणांचे पृष्ठफळ दर ग्रॅमला जेमतेम ०.१ चौरस मीटर येते. व्यास १२ नॅनोमीटर केला की तेच सुमारे ९६ चौरस मीटर होते. परंतु इतके सूक्ष्म कण लवकर तळाशी बसत नाहीत आणि साध्या गाळणीतूनही निसटतात. म्हणूनच चुंबकत्वाचे महत्त्व. या आकाराचा कण बाह्य क्षेत्रात चुंबकित होतो व क्षेत्र काढून घेताच ते चुंबकत्व टिकत नाही (या वर्तनाची मीमांसा नेएल यांनी १९४९ साली केली), त्यामुळे कण एकमेकांस चिकटून न राहता पुन्हा पाण्यात पसरू शकतात. असे कण ओढावयास फार प्रबळ चुंबक लागेल अशी समजूत होती. ती २००६ साली राइस विद्यापीठातील संशोधकांनी आर्सेनिकवरील प्रयोगांत खोटी ठरविली.

कण तयार करणे अवघड नाही. फेरस व फेरिक लवणे १:२ या प्रमाणात घेऊन अल्कात अवक्षेपित करावी. मासार यांची १९८१ ची ही पद्धती आजही सर्वत्र रूढ आहे. अडचण पुढे येते. उघड्या मॅग्नेटाइटमधील फेरस लोह क्रोमेटचे क्षपण करते, पण त्यात पृष्ठभागाचे ऑक्सिडीभवन होऊन कण लवकरच निष्क्रिय होतो. शिवाय आम्लात तो विरघळू लागतो. म्हणून त्यावर सिलिकाचे कवच चढवून त्या कवचास अमाइन गट जोडतात. आम्लधर्मी पाण्यात अमाइन प्रोटॉन घेऊन धनभारित होतो आणि ऋणभारित हायड्रोजन क्रोमेटास ओढतो. कवचाची किंमत मात्र द्यावी लागते: सिलिका चुंबकीय नसल्याने दर ग्रॅममागे चुंबकत्व घटते. कवच जाड केले तर चुंबक दुबळा पडतो, पातळ ठेवले तर आम्ल आत शिरते.

प्रबंधांतून अधिशोषणक्षमतेचे मोठमोठे आकडे आढळतात. ते बहुधा ऊर्ध्वपातित पाण्यात शुद्ध डायक्रोमेट घालून काढलेले असतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे. प्रत्यक्ष सांडपाण्यात सल्फेट विपुल असते, आणि तेही त्याच अमाइनवर हक्क सांगते.

कॉस्टिक सोड्याने धुतले असता अमाइनचा भार नाहीसा होऊन क्रोमेट सुटते व कण पुन्हा वापरता येतात, यद्यपि दर खेपेस क्षमता थोडी उतरते. पण मग क्रोमियम गेले कोठे? ते थोडक्या पाण्यात सांद्र होऊन आपल्यापुढेच उभे असते. हा द्राव सोडियममुळे तसाच विलेपनाच्या कुंडात ओतता येत नाही. तो धन-आयन विनिमयकाच्या स्तंभातून नेल्यास सोडियम मागे राहून क्रोमिक आम्ल मिळते; आयन-विनिमयाने क्रोमियम परत मिळविणाऱ्यांना ही युक्ती चांगली परिचित आहे.