नखाने न निघणारा रंग

मुलांनो, लालबागच्या आमच्या वर्गात परवा एक मुलगी आजीच्या लहानपणची लाकडी भातुकली घेऊन आली. चूल, जातं, बंब, इवलासा पोळपाट! "बाई, रंग निघतो का हो?" असं विचारत एका पठ्ठ्याने नखाने खरवडूनही पाहिलं. रंग काही निघाला नाही. कारण तो नुसता रंग नव्हताच, ती होती लाख!

पांडवांना जाळायला कौरवांनी लाक्षागृह बांधलं ना, तीच ही लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे बसतात. ते झाडाचा रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच करतात. ते खरवडायचं, वितळवायचं, गाळायचं, की झाली लाख.

आता कातारी कोण, ते सांगा बघू! लाकूड फिरवून गोल आकार देणारा कारागीर. तुमचा भोवरा, आईचं लाटणं, पाळण्याचे गोल खांब ही त्याचीच करामत. लाकूड गरगर फिरतं, त्याला हत्यार टेकलं की भुसा उडतो आणि आकार उमटतो. मग फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबायची. तुम्ही दोन्ही तळहात जोरात घासा. गरम झाले ना? तश्शाच घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. ना ब्रश, ना वाळवण! वर केवड्याचं वाळलेलं पान घासलं की चकाकी येते.

आजीची भातुकली सावंतवाडीची होती. तिथली चितार आळी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. हलका पांगारा हे तिथलं जुनं लाकूड. आता तयार रंगही वापरतात. तिथे गंजिफा नावाचे गोल पत्तेही रंगवतात, वर लाखेचा मुलामा देऊन. ही कला एकदा बुडायलाच आली होती! पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर ती जाणत होते. राजे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी ती जपायचं ठरवलं. राणीसाहेब स्वतः त्यांच्याकडे शिकल्या आणि राजवाड्यातच कारागीर कामाला बसले.

तिकडे जपानमध्येही लाकूड कातून वाट्या करतात. त्यांचा मुलामा मात्र किड्यांचा नाही, झाडाच्या चिकाचा. त्याला उरुशी म्हणतात. गंमत पाहा, आपले पापड पावसाळ्यात वाळत नाहीत, पण उरुशी वाळायला दमट हवाच लागते! दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या एका झाडातून चीक मिळतो जेमतेम २०० ग्रॅम. उरुशीसाठी नावाजलेल्या वाजिमा गावात १ जानेवारी २०२४ रोजी मोठा भूकंप झाला. कितीतरी कार्यशाळा कोसळल्या, बाजार जळाला. तरी कारागीर पुन्हा कामाला लागले. घर पडलं तरी हातातली विद्या पडत नाही. ती जाते ती कुणी शिकलं नाही तरच.

ज्याने रंग खरवडला होता, तो सुट्टीत म्हणाला, "बाई, मी गावी गेलो की चितार आळीत जाणार. मला ते फिरवून बघायचंय."

तुम्हीही आज घरातलं लाटणं हातात घ्या. त्यावर बारीक गोल रेघा दिसतात का, बघा. दिसल्या, तर त्या कातारीच्या हाताच्या खुणा आहेत!