साथ परत का येते?

‘ट्वेंटी-एट वीक्स लेटर’ हा २००७ सालचा भयपट म्हणजे ‘ट्वेंटी-एट डेज लेटर’चा पुढचा भाग. साथ संपली असे समजून लोक लंडनला परततात. पण लक्षणे नसलेल्या एका बाईच्या अंगात विषाणू असतो आणि साथ पुन्हा उसळते.

ही झाली कल्पना. पण असा दुसरा अंक आपल्या विदर्भानेही पाहिला. ओसरू लागलेला कोरोना फेब्रुवारी २०२१ मध्ये यवतमाळ, अमरावती, अकोला या जिल्ह्यांत पुन्हा वाढला आणि निर्बंध घालावे लागले.

साथ अशी का परतते? पहिल्या लाटेतून सुटलेले पुष्कळ लोक शिल्लक असतात. शिवाय विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढतो, तेव्हा चुका होतात. एखादी चूक त्याला अधिक वेगाने पसरायला मदत करते.

चित्रपटातला रोगी काही सेकंदांत पिसाळतो, म्हणून लगेच ओळखू येतो. कोरोनाची लक्षणे दिसायला मात्र २ ते १४ दिवस लागतात आणि त्याआधीच संसर्ग पसरू शकतो. धडधाकट माणसालाही मुखपट्टी बांधायला का सांगत होते, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल!